मेरिटमध्ये न बसणारा मेरिट

शनिवारची सकाळ. अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात फेरी मारा, दोन-चार घरांपुढे टेबलं मांडलेली दिसतील. जुने दिवे, कपबश्या, मुलांच्या सायकली, पुस्तकांचे खोके. यालाच तिकडे यार्ड सेल म्हणतात. घरात नको झालेलं सामान अंगणात मांडायचं, किमतीची चिठ्ठी चिकटवायची आणि संध्याकाळपर्यंत जे जाईल ते जाऊ द्यायचं. आपल्या जुन्या बाजारासारखंच, फक्त दुकानदार म्हणजे घरमालक.

या गर्दीत काही लोक सकाळी सकाळी फक्त एकाच वस्तूसाठी येतात. काळंभोर लोखंडी अंग, त्यावर सोनेरी नक्षी आणि मोठ्या अक्षरांत नाव, ‘सिंगर’. ही मंडळी आधी चाक हातानं फिरवून बघतात. चाक घट्ट असेल तरी घाबरत नाहीत, कारण बऱ्याचदा जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. साफसफाई केली, तेलाचे चार थेंब टाकले की मशीन पुन्हा चालू. मग शटल आणि बॉबिन जागेवर आहे का ते पाहायचं आणि शेवटी मशीनच्या पायथ्याशी कोरलेला नंबर वाचायचा. विसाव्या शतकातल्या मशीनवर नंबरआधी अक्षर असतं. जी असेल तर मशीन न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचं, वाय असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं. कोणत्या वर्षी बनलं, तेही त्या नंबरवरून कळतं. १९३३ साली आलेलं, जेमतेम पाच किलोंचं ‘फेदरवेट’ हाती लागलं तर त्या माणसाचा दिवस सोन्याचा. बाकीच्या मशिन्सना फार पैसे मिळत नाहीत, कारण सिंगरनं ती लाखोंनी बनवली.

आपल्याकडे सिंगरसोबत आणखी एक नाव घरोघरी पोहोचलं, ‘मेरिट’. दहावीच्या मेरिट लिस्टशी त्याचा काही संबंध नाही. हे सिंगरच्याच घरातलं नाव, मूळ मालकाचं मधलं नाव. त्याचं पूर्ण नाव आयझॅक मेरिट सिंगर.

एक गोड गोष्ट

या सिंगरची एक गोष्ट भारतात फार मोठ्या माणसानं सांगितली होती. १९२४ साली दिल्लीत शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं गांधीजींना विचारलं की, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? गांधीजींनी सांगितलं की, विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. आणि अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. बायको रात्रंदिवस हातानं टाके घालते, ते सिंगरला बघवेना. तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी त्यानं हे यंत्र बनवलं, अशी गांधीजींची समजूत होती.

गोष्ट सुंदर आहे. पण सिंगरचं खरं आयुष्य वाचायला घेतलं की ती टिकत नाही.

स्टेजवरचा मेकॅनिक

सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील जर्मन वंशाचे. तो लहान असतानाच आई-वडील वेगळे झाले. बाराव्या वर्षी पोरगा घर सोडून मोठ्या भावाकडे रॉचेस्टरला गेला. तिथे यंत्रं दुरुस्त करायला शिकला, हात चांगला बसला. पण डोक्यात भूत होतं नाटकाचं. उंचापुरा, भारदस्त आवाजाचा. नट व्हायचं ठरवूनच बसला होता.

नाटकात पैसा मिळेना म्हणून मधूनमधून कारखान्यात काम, आणि हातात चार पैसे आले की पुन्हा नाटक, असं चक्र सुरू झालं. १८३९ मध्ये खडक फोडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ते २००० डॉलरला विकलं. त्या काळी मोठी रक्कम. शहाणा माणूस जमीन घेईल, दुकान टाकेल. यानं स्वतःची नाटक कंपनी काढली. आडनाव गाळून मधलं नाव लावलं, ‘मेरिट प्लेअर्स’. पाचेक वर्षं गावोगाव फिरला आणि शेवटी ओहायोत कफल्लक होऊन थांबला.

या फिरतीत त्याच्यासोबत स्टेजवर होती मेरी ॲन स्पॉन्सलर. लग्नाचं वचन देऊन त्यानं तिला आणलं होतं. गंमत अशी की सिंगरचं १८३० मध्येच कॅथरिन हेलीशी लग्न झालेलं होतं, पदरी मुलं होती. मेरी ॲनला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती थांबली, त्याची बायको म्हणून वावरली, तिला त्याच्यापासून दहा मुलं झाली. लग्न मात्र कधीच झालं नाही.

अकरा दिवसांचं काम

१८४९ मध्ये सिंगरनं लाकूड आणि धातू कोरायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कमध्ये बॉयलरचा स्फोट झाला आणि नमुना यंत्राचे तुकडे झाले. जॉर्ज झीबर नावाच्या, पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसानं त्याला पैसे दिले. दोघं नवं यंत्र घेऊन १८५० मध्ये बॉस्टनला ऑर्सन फेल्प्सच्या वर्कशॉपमध्ये गेले. कोरायचं यंत्र बघायला कोणी फिरकेना. फेल्प्सकडे मात्र दुरुस्तीला आलेली शिलाई मशिन्स पडून होती. फेल्प्स म्हणाला, यात डोकं घाल. सिंगरनं आधी नाक मुरडलं. शिवणकामासारख्या किरकोळ गोष्टीत हात घालायला तो तयार नव्हता. मग पैशाचं गणित लक्षात आलं.

तेव्हाच्या मशीनमध्ये शटल गोल फिरायचं, त्यामुळे दोऱ्याला पीळ पडून तो तुटायचा. सिंगरनं शटल सरळ रेषेत मागे-पुढे नेलं, सुई आडवी न ठेवता उभी वर-खाली केली, कापड सपाट टेबलावर ठेवलं आणि वरून दाबून धरायची सोय केली. नंतर पायानं चालवायचं पायडलही आलं, हात मोकळे झाले. अकरा दिवस आणि झीबरचे ४० डॉलर, एवढ्यात मशीन उभं राहिलं, असं पुढे सांगितलं गेलं. पहिल्या रात्री टाके सैल पडत होते. हताश होऊन घरी जाताना झीबरनं कापडावर सुटणाऱ्या दोऱ्याच्या फासांचा विषय काढला आणि सिंगरच्या लक्षात आलं, आपण दोऱ्याला ताण द्यायलाच विसरलो! दोघं उलट पावली परतले. टीप बसली. १२ ऑगस्ट १८५१ ला पेटंट मिळालं.

या सगळ्यात घरातल्या बायकोचे कष्ट कुठेच येत नाहीत. आणि ज्यानं पैसे घातले त्या झीबरचं काय झालं? तो आजारी पडला. डॉक्टरांच्या मते तू वाचणार नाहीस, ही बातमी सिंगरनंच त्याच्या कानावर घातली. घाबरून झीबरनं आपला हिस्सा ६००० डॉलरला विकला. मग तो ठणठणीत बरा झाला. हिस्सा परत मिळाला नाही.

ईएमआयचा आजोबा

शोधाचं श्रेयही एकट्या सिंगरचं नव्हतं. टोकाशी नाक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांची गाठ बसवणारं शटल यांचं पेटंट इलायस हाउ यानं १८४६ मध्येच घेतलं होतं. त्यानं कोर्टात खेचलं. १८५४ मध्ये सिंगरला १५,००० डॉलर मोजावे लागले. प्रत्येक कंपनीकडे मशीनचा एखादा भाग, पूर्ण मशीन कोणाकडेच नाही, अशी अवस्था. सगळे सगळ्यांवर खटले भरत होते. अखेर १८५६ मध्ये हाउ आणि तीन मोठ्या कंपन्यांनी पेटंटं एकत्र केली. आता प्रत्येक मशीनमागे ठरलेली रक्कम एका सामाईक गल्ल्यात जाऊ लागली.

भांडणं मिटली, पण मशीन घेणार कोण? वर्षाला सुमारे ५०० डॉलर मिळवणाऱ्या कुटुंबानं १०० डॉलरचं मशीन कसं घ्यायचं? उत्तर शोधलं सिंगरचा वकील-भागीदार एडवर्ड क्लार्क यानं. थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, उरलेले दरमहा फेडा. आज आपण फोन घेतो ते याच पद्धतीनं. १८५५ मध्ये सिंगरची ८८३ मशिन्स विकली गेली होती, १८५६ मध्ये २५६४.

सिंगरचा वाटा होता तो तमाशाचा, चांगल्या अर्थानं. जत्रांमध्ये, सभागृहांत तो मशीन घेऊन उभा राहायचा, शिवणाऱ्या गरीब बाईवरची थॉमस हूडची कविता नाटकी ढंगात म्हणायचा आणि मग मशीनचा वेग दाखवायचा. नाटकात फसलेला नट इथे हाउसफुल चालला. दुकानांत तरुण मुली मशीन चालवून दाखवायच्या. बायकांना यंत्र जमणार नाही, हा समज तिथल्या तिथे खोटा ठरायचा. त्या काळच्या एका मशीन कंपनीच्या मोजणीनुसार हातानं पुरुषाचा शर्ट शिवायला १४ तासांहून जास्त लागत, मशीनवर सव्वा तास.

पण घरात मशीन आलेल्या बाईचे तास वाचले, तरी शर्टामागे पैसे मिळवणारीला तेवढा फायदा झाला नाही. काम भरभर होऊ लागलं तसे दर उतरले आणि पोट भरायला तिला जास्त शर्ट शिवावे लागले.

रस्त्यावरची बग्गी

ऑगस्ट १८६०. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर मेरी ॲननं सिंगरला बग्गीतून जाताना पाहिलं. शेजारी दुसरी बाई होती, मेरी मॅकगोनिगल. रस्त्यातच आरडाओरडा झाला. घरी आल्यावर सिंगरनं मेरी ॲनला आणि मुलीलाही मारलं. तिनं तक्रार केली, त्याला अटक झाली. मग एकेक भानगड बाहेर आली. मॅकगोनिगलसोबत तो मॅथ्यूज आडनावानं राहत होता, पाच मुलं होती. मेरी वॉल्टर्स नावाच्या तिसरीकडे आणखी एक मुलगी, आणि तिथलं आडनाव? मेरिट! स्टेजवरचं नाव इथेही कामाला आलं होतं.

बदनामी टाळायला सिंगर युरोपात निघून गेला. क्लार्कला धंद्याची काळजी, कारण मशीन घेणाऱ्या घरंदाज बायका होत्या. १८६३ मध्ये जुनी भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. दुसरा जिवंत असेपर्यंत दोघांपैकी कोणीही अध्यक्ष व्हायचं नाही, असं ठरलं. त्याच वर्षी सिंगरनं इझाबेला बॉयरशी लग्न केलं. पुढे तो इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या पेंग्टनला गेला, मोठा वाडा बांधायला घेतला आणि तो पूर्ण होण्याआधीच २३ जुलै १८७५ ला वारला. मागे वीसहून जास्त मुलं आणि सुमारे १३ दशलक्ष डॉलर. आईची, म्हणजे कॅथरिनची, बाजू घेणाऱ्या थोरल्या विल्यमच्या वाट्याला मृत्युपत्रात आले फक्त ५०० डॉलर.

मग मशीनचं काय करायचं?

गांधीजींना हे सगळं माहीत असतं तर त्यांनी सिंगरच्या मशीनचा अपवाद मागे घेतला असता का? मला नाही वाटत. त्यांचा निकष यंत्र माणसाच्या कामी येतं की माणसाला कामाला जुंपतं, हा होता, आणि तो सिंगरच्या चारित्र्यावर उभा नव्हता. उलट आपणच चांगल्या वस्तूमागे चांगला माणूस हवा म्हणून गोड गोष्टी रचतो. त्या गोष्टींत झीबर राहून जातो, हाउ राहून जातो, त्याची मुलं वाढवणारी मेरी ॲन तर पूर्णच पुसली जाते.

तुमच्या घरी माळ्यावर आजीचं मशीन असेल तर एकदा खाली काढा. सिंगर असो वा मेरिट, नंबर शोधा, चाक फिरवून बघा, तेल द्या. आणि आजी असेल तर तिला विचारा, या मशीनवर तिनं काय काय शिवलं. मशीनवर नाव त्याचं असलं, तरी त्यानंतरची सगळी गोष्ट तिची आहे.