खरखरीवर विजय

एडविन आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८९० साली न्यूयॉर्क येथे झाला. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी विद्युत-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले.

नभोवाणीच्या आरंभीच्या काळी गाणे रंगात यावे, तोच आकाशात वीज चमके आणि सूर खरखरीत बुडून जाई. ही खरखर कधीच नाहीशी व्हावयाची नाही, असे अनेक तज्ज्ञ मानीत. आर्मस्ट्राँग यांनी मात्र तिचे मूळ शोधले. त्या वेळच्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरींची उंची कमीअधिक होई. विजेचा आघातही मुख्यतः उंचीवरच होई. म्हणून त्यांनी उंची कायम राखली आणि कंपनांची संख्या बदलत ठेवली. ग्राहकयंत्र उंचीतील चढउतार छाटून टाकी. त्यांबरोबर खरखरही जाई. १९३३ साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले.

पुढे बलाढ्य कंपन्यांशी न्यायालयात झगडताना त्यांचे धन व मनःशांती दोन्ही खर्ची पडली. १९५४ साली ते निवर्तले. पत्नी मॅरियन यांनी खटले नेटाने चालविले. १९६७ साली शेवटचा खटलाही त्यांनी जिंकला.

आज एफ. एम. वर निर्मळ सूर ऐकू येतात, ते या चिकाटीचेच फळ होय.