रक्तगट शोधले म्हणून नोबेल मिळालं, पण लँडस्टायनरने रक्तातला आणखी एक चोर पकडला होता

रक्तदान शिबिरात गेलात की आधी बोटाला सुई टोचून तुमचा रक्तगट बघतात. ए, बी, ओ ही सगळी भानगड ज्याने शोधून काढली तो कार्ल लँडस्टायनर. त्याचा जन्म १४ जूनचा, म्हणून जागतिक रक्तदाता दिनही त्याच तारखेला असतो.

इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ल्युपससारख्या आजारात डॉक्टर अँटिबॉडीच्या ज्या तपासण्या लिहून देतात, त्यांचं मूळ शोधत गेलात तरी याच माणसापाशी पोहोचता.

लँडस्टायनर १८६८ साली व्हिएन्नाजवळच्या बाडेनमध्ये जन्मला. वडील नावाजलेले पत्रकार, पण पोरगा सहा वर्षांचा असतानाच ते गेले. आईने एकटीने वाढवलं. तिच्यावर त्याचा इतका जीव होता की ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्याने मरेपर्यंत भिंतीवर लावून ठेवला.

१८९१ मध्ये तो डॉक्टर झाला, पण दवाखाना थाटायचं सोडून रसायनशास्त्र शिकायला जर्मनी आणि स्वित्झर्लंडला गेला. परत आल्यावर व्हिएन्नात शवविच्छेदनाच्या विभागात लागला. तिथे दहा वर्षांत त्याने साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदनं केली आणि सोबतीने रक्ताचे प्रयोग चालू ठेवले.

त्या काळी एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं की कुणी वाचायचं, कुणी दगावायचं. का, ते कळत नव्हतं. लँडस्टायनरने स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, पेशी आणि सीरम वेगळं केलं आणि एकाचं सीरम दुसऱ्याच्या पेशींवर घालून बघितलं. काहींच्या गुठळ्या झाल्या, काहींच्या नाही. १९०१ मध्ये त्याने रक्तगट मांडले.

यात एक गोष्ट पक्की दिसत होती. कुणाचंच सीरम स्वतःच्या पेशींवर उठत नव्हतं. त्याच सुमाराला पॉल एर्लिख हा जर्मन दिग्गज हेच सांगत होता, की शरीर स्वतःविरुद्ध हत्यार उपसत नाही. एर्लिखचा शब्द म्हणजे तेव्हा जवळपास शेवटचा शब्द.

मग आला एक विचित्र आजार. थंडीत बाहेर पडलं की या रुग्णांना हुडहुडी भरायची आणि लघवी लालकाळी व्हायची. लँडस्टायनर आणि युलियस डोनाथ यांनी अशा रुग्णाचं रक्त बर्फात गार केलं, मग शरीराइतकं कोमट केलं. तांबड्या पेशी फुटल्या. रुग्णाचं सीरम निरोगी माणसाच्या पेशींवर घातलं, तर त्याही फुटल्या. म्हणजे दोष पेशींत नव्हता, सीरममध्ये होता. गारठ्यात अँटिबॉडी पेशीला चिकटते आणि ऊब मिळताच रक्तातली बाकीची यंत्रणा त्या पेशीचा फडशा पाडते.

साल होतं १९०४. शरीर स्वतःवरच उलटतं याचा पुरावा आता परीक्षानळीत होता. ही तपासणी आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. पण एर्लिखच्या नियमाचा दबदबा एवढा की ऑटोइम्यून आजार ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजायला १९५० चं दशक उजाडलं.

१९०७ मध्ये आणखी एक धागा हाती लागला. सिफिलिसच्या, म्हणजे गरमीच्या रक्ततपासणीत रोगट अवयवाचा अर्क वापरायचे. लँडस्टायनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही चालतो. म्हणजे ती अँटिबॉडी जंतूला नाही, शरीरातल्याच स्निग्ध पदार्थाला धरत होती. पुढे ल्युपसच्या काही रुग्णांची गरमीची तपासणी उगाच पॉझिटिव्ह येते हे लक्षात आलं, आणि त्यातूनच अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडल्या.

आज वारंवार गर्भपात झालेल्या किंवा कमी वयात रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णात त्या तपासतात. पॉझिटिव्ह आल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा बघतात. त्या टिकून असतील, तर पुढच्या गुठळीचा धोका ओळखून औषध ठरवता येतं.

इकडे पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाचे हाल झाले. १९१९ मध्ये लँडस्टायनर बायकोमुलासह हेगला गेला आणि एका छोट्या इस्पितळात रक्त-लघवीच्या रोजच्या तपासण्या करू लागला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचं बोलावणं आलं. १९३० मध्ये नोबेल मिळालं, १९४० मध्ये वीनरसोबत आरएच घटक. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी तो गेला.

त्याच्या मागे हा धागा बराच लांब गेला. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये आमवात झालेल्या ७९ जणांचं, त्यांनी आधी कधीतरी दान केलेलं रक्त तपासलं गेलं. जवळपास निम्म्यांच्या रक्तात लक्षणं दिसायच्या आधीच, काहींच्या तर कैक वर्षं आधी, आमवाताच्या अँटिबॉडी होत्या.

फक्त एक लक्षात ठेवा. अशा अँटिबॉडी काही ठणठणीत माणसांतही सापडतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाच असं नाही. लँडस्टायनरनेही आधी थंडीने कुडकुडणारा रुग्ण बघितला होता, नळी नंतर. तुमचा रिपोर्टही मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा, तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांसमोरच उघडा.