विल्यम ओशॉनेसी आणि तारायंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कलकत्त्याहून आग्र्यास पत्र पोहोचण्यास अनेक दिवस लागत. घोडा, हरकारा आणि होडी यांच्या वेगापेक्षा बातमीचा वेग अधिक नव्हता. ही मर्यादा भारतात प्रथम ज्यांनी मोडली, ते विल्यम ब्रुक ओशॉनेसी व्यवसायाने अभियंते नव्हते, तर वैद्य होते.

त्यांचा जन्म १८०८ साली आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरो येथे वैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर १८३१ साली त्यांनी पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार कमी होतात, हे दाखवून दिले. शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याच्या उपचाराचा पाया या शोधाने घातला. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. १८३३ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आले आणि पुढे तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले.

१८३९ साली त्यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर कित्येक मैल लांबीची तार ताणून तिच्यातून विद्युतप्रवाह सोडला. संदेश वाचण्याची त्यांची रीत विलक्षण होती. ग्रहण करणारा मनुष्य तारेला बोटे लावून बसे आणि विजेच्या धक्क्यांच्या क्रमावरून अक्षर ओळखी. म्हणजे संकेत उलगडणारे यंत्र मनुष्याचे शरीरच होते! सरकारने मात्र या प्रयोगाकडे लक्ष दिले नाही. ओशॉनेसी यांना दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत ही संधी आली. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही सुमारे ३० मैलांची तार सुरू झाली. त्या वेळी ओशॉनेसी कलकत्त्याच्या टांकसाळीत कामास होते. तेथीलच शिवचंद्र नंदी हे त्यांचे उजवे हात ठरले. पातळ तार वादळात तुटेल, माकडांच्या भाराने वाकेल, म्हणून त्यांनी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. नदीखालून नेलेल्या तारेवर गटापर्चाचे वेष्टन चढविले. यंत्रे विलायतेहून न मागविता येथील कारागिरांकडूनच करवून घेतली.

बोटांची जागा आता सुईने घेतली. प्रवाहाची दिशा बदलली की सुई डावीकडे किंवा उजवीकडे वळे. डाव्या-उजव्या वळणांच्या ठरावीक क्रमाला एकेक अक्षर नेमून दिलेले होते. यंत्र साधे व स्वस्त होते, पण त्यात एक उणीव होती. सुईची हालचाल क्षणात नाहीशी होई, तिची खूण मागे उरत नसे. वाचणाऱ्याची नजर चुकली की शब्द बदले, आणि शेकडो मैल दूर असलेल्या पाठविणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. पुढे १८५७ च्या सुमारास मोर्सची पद्धत आली. तिच्यात ठिपका आणि रेघ या दोनच खुणा असून वारंवार लागणाऱ्या अक्षराला लहान खूण दिलेली असते. ती कागदाच्या पट्टीवर उमटविता येई. स्वतःच्या यंत्राचा अट्टहास न धरता ओशॉनेसी यांनी ही पद्धत स्वीकारली, हे विशेष.

नोव्हेंबर १८५३ मध्ये सुरू झालेले काम वेगाने पुढे गेले. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश पोहोचला. मुंबईची तार बळ्ळारी व बेंगळुरूमार्गे मद्रासला जोडली गेली. लाकूड वाळवीने पोखरले जाई, म्हणून दक्षिणेतील काही भागांत दगडी खांब उभारावे लागले. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा जनतेस खुली झाली, तेव्हा तारांची लांबी सुमारे ३००० मैल होती. त्यांच्या या कामगिरीबद्दल १८५६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

ही तार लोकांच्या उपयोगी पडली, तशीच ती राज्यकर्त्यांच्या हातातील शस्त्रही होती. मे १८५७ मध्ये दिल्लीतील उठावाची वार्ता तारेनेच अंबाल्याच्या छावणीत पोहोचली आणि इंग्रज सावध झाले.

ओशॉनेसी पुढे इंग्लंडला परतले आणि १८६१ साली त्यांनी ब्रुक हे आडनाव घेतले. ८ जानेवारी १८८९ रोजी साउथसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली तारसेवा भारतात त्यानंतरही सव्वाशे वर्षांच्या आसपास चालू राहिली. जुलै २०१३ मध्ये ती बंद झाली.