कमलाबाई निंबकर आणि परळची शाळा



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीची ओळख लिहून द्यायची ठरली, तेव्हा मी कॉम्प्युटरवालीच कोणीतरी निवडणार असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल. मी निवडल्या आहेत कमलाबाई निंबकर. त्यांनी शाळा काढली, म्हणून शाळेच्या अंकात त्या शोभून दिसतील. दुसरं कारण घरचं आहे, ते पुढे येईलच.

कमलाबाईंचं माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. त्या 1900 साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात जन्मल्या. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला साधेपणा, शांतता आणि सेवा मानणारा पंथ. विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी त्यांचं लग्न ठरलं, 1930 मध्ये त्या भारतात आल्या आणि एलिझाबेथच्या कमला झाल्या. त्या काळी अमेरिकेहून मुंबईला यायचं तर आगबोटीने. एकदा आलं की माहेर पत्रापुरतंच उरायचं. बाई इथे नुसत्या राहिल्या नाहीत, इथल्याच झाल्या. लहान मुलांच्या शिक्षणाचं काम त्यांनी हाती घेतलं. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर पुढे फलटणला शेतीसंशोधनासाठी नावाजले गेले.

संसार आणि काम चालू असताना, चाळिशी केव्हाच ओलांडलेली असताना, कमलाबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन त्या ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, पण त्या शब्दाने गैरसमज होतो. इथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं यात येतात. बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, वेणी घालणं, पाटीवर अक्षर काढणं, शौचाला जाऊन स्वतःचं स्वतः आवरणं. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, म्हणून खेळसुद्धा. ही कामं आजाराने किंवा जन्मतः अडली असतील, तर ती पुन्हा किंवा वेगळ्या पद्धतीने कशी करता येतील हे शोधायचं. कधी हातात बळ आणायचं, कधी चमच्याची मूठ जाड करायची, तर कधी बसायची जागाच बदलायची. अमेरिकेत या शास्त्राची संघटना 1917 मध्ये स्थापन झाली, आणि पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे ते वाढलं. आपल्याकडे मात्र ते शिकवणारं कोणी नव्हतं.

गरज तर डोळ्यांसमोर होती. पोलिओने मुलं अधू होत होती. 1949 मध्ये मुंबईत पोलिओच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र सुरू करावं लागलं. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्येच मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला होता. मूल वाचलं, शस्त्रक्रिया झाली, कॅलिपर मिळालं. पण पुढे काय? ते मूल जेवणार कसं, शाळेत बसणार कसं, याचं उत्तर देणारा माणूस रुग्णालयात नेमलेलाच नसे.

कमलाबाईंनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. भारतातलीच नव्हे, आशियातली ही पहिली. त्या एकट्या पन्नास-शंभर मुलांवर उपचार करू शकल्या असत्या आणि तेवढ्यावरही लोकांनी त्यांना दुवा दिला असता. त्यांनी उपचार करणारे घडवायचं ठरवलं. शाळा रुग्णालयातच असल्यामुळे शिकणाऱ्यांना पुस्तकातला हात आणि समोरच्या मुलाचा हात एकाच इमारतीत भेटत होता. आणि त्याच इमारतीत डॉक्टर, परिचारिका वावरत होत्या. दोन वर्षांनी तिथेच फिजिओथेरपीचीही शाळा आली.

1952 मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. तिच्यामागे कमलाबाईच होत्या. त्याच वर्षी दहा देशांनी मिळून या व्यवसायाचा जागतिक महासंघ उभारला. त्या दहांत भारत होता, तोही आपली शाळा जेमतेम दोन वर्षांची असताना! नागपूरलाही असंच शिक्षण सुरू झालं. 1960 च्या सुमारास कमलाबाईंनी पुनर्वसनावर एक नियतकालिक काढलं. ते केवळ आपल्या जातभाईंसाठी नव्हतं. पुनर्वसनाचं काम करणाऱ्या निरनिराळ्या लोकांना एकमेकांचं काम कळावं आणि तेही आशियातल्या परिस्थितीत, अशी त्याची मांडणी होती. 1979 मध्ये त्या गेल्या. भारतातल्या या कामाचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता, तो नंतर पुस्तकरूपाने आला.

आता घरचं कारण. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तो नऊ वर्षांचा आहे, क्रिकेटचे सगळे आकडे त्याला पाठ आहेत आणि माझ्या कोडमधल्या चुका काढायला त्याला आवडेल असं तो मला सांगून असतो. माझी बहीण त्याला कडेवर घेऊन चार ठिकाणी फिरली. चार फायली झाल्या. एका ठिकाणी पाय ताणायचा व्यायाम दिला, दुसरीकडे त्याच वेळेला बोलण्याचा सराव, तिसरीकडे रात्री पट्टी बांधायला सांगितली आणि शाळेने विचारलं की हा बाकावर बसेल का. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. पण त्या चौघांची आपसात भेट कधीच झाली नाही. चौघांचे निरोप एकमेकांना पोचवण्याचं काम आईवर पडलं, आणि ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. दहा जण दहा भाग उत्तम लिहितात आणि जोडायला घेतले की काहीच चालत नाही. म्हणून आम्ही सुरुवातीलाच एकत्र बसतो, कोण कोणाला काय देणार ते ठरवतो. मुलाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. बसायची बैठक नीट झाली नाही तर घास गिळता येत नाही. मान स्थिर नसेल तर फळ्याकडे बघता येत नाही. पाठीचा प्रश्न जेवणाचा होतो, जेवणाचा वजनाचा, वजनाचा पुन्हा पाठीचा. हे वर्तुळ एकट्याने तोडता येत नाही.

सरकारलाही हे पटलेलं आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छताखाली बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक असावेत अशी योजना आहे. 2021 मध्ये थेरपिस्टांसह अशा सर्व आरोग्यव्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदाही झाला. परळच्या शाळेनंतर एकाहत्तर वर्षांनी. छत आणि कायदा या दोन्ही गोष्टी हव्यातच. पण एका छताखाली बसलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, ते शिकवावं लागतं, आणि ते शिकतानाच शिकवलं तर अंगवळणी पडतं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 मध्ये काढलेल्या शाळेचं नाव कमला निंबकर बालभवन आहे. थेरपीच्या शाळेच्या संस्थापिकेचं नाव मुलांच्या मराठी शाळेला मिळालं, हे मला फार योग्य वाटतं.

आता मुद्द्याचं. मेळाव्याच्या निधीचं काय करायचं, यावर आपल्या ग्रुपवर कमानीपासून ध्वनिक्षेपकापर्यंत सगळं सुचवून झालंय. माझी सूचना अशी : तळमजल्याच्या पायऱ्यांशेजारी एक उतार आणि एक कमोडचं स्वच्छतागृह करू या. उरलेल्या पैशांत वर्षातून दोन दिवस शाळेतल्या बाई-सरांना, गावातल्या थेरपिस्टना, डॉक्टरांना आणि अशा मुलांच्या आईबाबांना एका वर्गात बसवू या. आपल्या बॅचमध्ये दोन डॉक्टर आहेत, एक फिजिओथेरपिस्ट आहे, शिक्षिका तर पाच. बाहेरून फार कोणाला बोलवावं लागणार नाही. प्रत्येक वेळी एकाच मुलाचा विचार करायचा : त्याचा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस फळ्यावर लिहायचा आणि कुठे कोणी काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. त्या मुलालाही विचारायचं.

वेळापत्रक मी करून देते. होकार कळवा.