महदाइसा : सन्निधानी आणि असन्निधानी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, गोदेच्या परिसरात, रामसगाव नावाचे गाव आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. त्यापूर्वी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि सातशे वर्षांमागे तो देवगिरीच्या यादवांच्या राज्याचा गाभा होता. लीळाचरित्रात ज्याचा निर्देश रावसगाव असा येतो ते हेच गाव, अशी धारणा आहे. महदाइसांचे माहेर येथले. रूपाइसा, महदाइसा, महदंबा या तिन्ही नावांनी पंथवाङ्मय त्यांना ओळखते. मराठीच्या आद्य कवयित्री म्हणून महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांतही आज त्यांचे नाव असते. परंतु तेथे त्यांची ओळख बहुधा धवळ्यांपाशीच संपते. धवळे हे त्यांच्या जीवनाचे फळ होय. ज्या झाडाला ते लागले, त्या झाडाने काय सोसले हे पाहिल्यावाचून त्या फळाचा रस कळावयाचा नाही.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, एका विद्वान ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म झाला. आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास हे त्यांचे चुलत बंधू. विवाह बालपणी झाला आणि वैधव्यही लवकरच आले. त्या काळी वैधव्य म्हणजे काय, हे सांगण्यास हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी पुरेसा आहे. यादवांच्या या मंत्र्याच्या ग्रंथात व्रतांचे एक स्वतंत्र खंड आहे. संतती, सौभाग्य, आरोग्य, धन, प्रत्येकासाठी निराळे व्रत, निराळी देवता, निराळे दान. ज्या समाजात प्रत्येक दुःखावर व्रताचा उतारा होता, त्या समाजात जिच्यासाठी सौभाग्याचे दार कायमचे बंद झाले तिने कोणत्या देवतेपुढे उभे राहावे? केलेल्या व्रताचे फळ दिसत नसेल तर दोष कोणाचा? व्रत चुकले, की देवता नाही, की आपणच करंटे? महदाइसांनी हे प्रश्न बालवयात केले होते असा माझा दावा नाही. परंतु पुढे श्रीचक्रधर स्वामींच्या चरणाशी बसून ज्या बाईने आयुष्यभर पुसणेच केले, तिच्या पुसण्याचे मूळ त्या कोवळ्या वयातील आघातात असावे, असे मला वाटते.

प्रथम त्या रामदेव ऊर्फ दादोसांच्या अनुयायी झाल्या. भटोबासांच्या मातोश्री आबाइसा, बहीण उमाइसा आणि स्वतः भटोबास हेही दादोसांच्याच परिवारातले. दादोसांमुळेच या मंडळींना स्वामींचे सन्निधान लाभले. त्यासाठी पंथाने दादोसांचे ऋण मानले पाहिजे, पुढे दादोसांच्या मनात दुरावा आला तरीही. ज्याने आपणांस मार्गावर आणले त्याला मागे ठेवून पुढे जावे लागणे, हेही एक संकटच असते. त्याची वेदना लौकिक दुःखाहून उणी नसते, कारण तेथे माणसाचा विश्वासच दोन जागी फाटतो. महदाइसा त्या फाटण्यातून गेल्या आणि स्वामींपाशी स्थिरावल्या.

स्वामींनी त्यांना लौकिक सांत्वन दिले नाही. वैधव्याचे दुःख दूर करतो असे म्हटले नाही, व्रत सांगितले नाही. आपल्या शास्त्राचा जो पाया, तोच पुढे ठेवला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. सुखदुःखाचे फळ जीवाला त्याच्या कर्मानुसार देवतांकरवी भोगावे लागते. परमेश्वर हा त्या रहाटीचा चालक नव्हे. तो कृपाळू आहे, आणि त्याची कृपा मोक्षाच्या दिशेने वाहते, धान्याच्या कणगीच्या दिशेने नव्हे. हे तत्त्व उपदेश घेताना आपण सर्वच ऐकतो. कसोटी लागते ती पुढे. 2012-13च्या दुष्काळात जालन्याच्या शिवारातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्या दिवसांत एका वृद्ध वासनिकाने मला विचारले होते : पन्नास वर्षे नाम घेतले, मग देवाने माझ्याकडे पाठ का फिरवली? मी शास्त्र सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दंडवत केला आणि निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. माझे उत्तर शास्त्रदृष्ट्या अचूक होते; परंतु त्या माणसाला उत्तर हवे होते की सोबत, हे मी पाहिले नव्हते. महदाइसांचे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटले ते त्यानंतर.

गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याचा नाश सांगितला आहे, आणि ते वचन आपल्यापैकी पुष्कळ जण प्रश्न करणाऱ्याला गप्प करण्यासाठी वापरतात. पण त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, ज्ञान मिळविण्याचे तीन उपाय सांगितले आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी विचारणे. श्रीकृष्णचक्रवर्तींनी ज्याची आज्ञा केली ते आणि ज्याचा निषेध केला ते, एक असू शकत नाही. संशयी मनुष्य उत्तर नाकारण्यासाठी बोलतो, जिज्ञासू ते घेण्यासाठी. बाहेरून दोघांची वाक्ये सारखीच दिसतात, म्हणूनच ऐकणाऱ्याने घाई करू नये.

स्वामींनी घाई केली नाही. महदाइसा विचारीत आणि स्वामी निरूपण करीत. ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, निरंतर काही ना काही विचारीतच असते, अशा अर्थाचा गौरव स्वामींच्या मुखातून झाला. ज्ञानाच्या दारातून स्त्रीला परत पाठविण्याचा तो काळ होता. त्या काळी प्रश्न विचारण्याबद्दल एका विधवेचा गौरव व्हावा, ही गोष्ट लहान नव्हे. आणि दुसरी एक गोष्ट आपल्या ध्यानी सहसा येत नाही. लीळाचरित्रातील कितीतरी निरूपण महदाइसांच्या पुसण्याचे उत्तर म्हणून आलेले आहे. त्या गप्प राहिल्या असत्या, मर्यादा म्हणून वा भीड म्हणून, तर ते निरूपण आपल्यापर्यंत कदाचित आलेच नसते.

मग शके 1196 उजाडले, म्हणजे इ.स. 1274. यादव दरबारातील हेमाडपंतादिकांचा विरोध वाढत गेला आणि स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. परिवारावर जो आघात झाला त्याचे वर्णन करण्याचे सामर्थ्य माझ्या लेखणीत नाही. भटोबासांसारखा धैर्याचा मेरू कोसळला. पतीच्या निधनानंतर महदाइसांनी जे सोसले त्याला कर्मफल असे नाव देता येत होते. परंतु स्वतः परमेश्वरच दृष्टीआड झाला, तर त्याला काय म्हणावे? येथे देवतेवर बोट ठेवता येत नाही. जो कृपाळू तोच निघून गेला. विरोधकांचे राज्य चालले आहे, त्यांचे वाडे उभे आहेत, आणि आपण भिक्षेची झोळी घेऊन उन्हात उभे आहोत. श्रद्धेची परीक्षा म्हणतात ती ही.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे परिवार विदर्भात ऋद्धिपुरास, श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेला. महदाइसाही गेल्या. एका सन्निधानातून दुसऱ्या सन्निधानात, असे आपण सहजपणे म्हणून जातो. तत्त्वतः ते खरे आहे. परंतु महदाइसांच्या मनाच्या बाजूने पाहावे. स्वामींपाशी प्रश्नाला उत्तर होते. श्रीप्रभूंची लीळा निराळी. गाव ज्यांना वेडे म्हणत असे, जे हसत, रुसत, लहान मुलासारखे हट्ट धरीत, दुकानातले उचलून खात, त्यांच्यापुढे परिप्रश्न कसा करावा? जिचे सारे जीवन विचारण्यावर उभे राहिले, तिला आता न विचारता राहावयाचे होते.

तेथे काय राहिले? सेवा राहिली. श्रीप्रभूंनी धिडऱ्यांचा हट्ट धरल्याची लीळा प्रसिद्ध आहे. महदाइसा करून देतात, ते श्रीप्रभूंच्या मनास येत नाही; पुन्हा चूल, पुन्हा तवा. व्याख्यानात ही लीळा सांगितली की श्रोते हसतात, आणि हसावे अशीच ती आहे. पण चुलीपाशी बसलेल्या त्या बाईकडे पाहावे. कर्म आणि कृपा यांविषयी सर्वज्ञांशी चर्चा केलेली ही बुद्धिमती आज पीठ कालवते आहे, आणि ते बरोबर झाले की नाही हे कोणत्याही शास्त्राने ठरणारे नाही. परमेश्वराला काय हवे ते कळत नाही, आणि तरीही करीत राहावयाचे. वर्षानुवर्षे त्यांनी हे केले. रोजच्या स्वयंपाकात, रोजच्या झाडलोटीत. त्या काळात त्यांच्या मनात कधी संशय आलाच नसेल असे म्हणणारे म्हणोत. मला ते म्हणण्याची गरज वाटत नाही. संशय आला तरी हात थांबले नाहीत, एवढे चरित्रावरून दिसते आणि तेवढे मला पुरते.

याच काळात म्हाइंभटांनी लीळा मिळविण्याचे कार्य आरंभिले. शके 1200च्या सुमारास लीळाचरित्र आकारास आले. ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून ऐकून, पडताळून घेण्याची त्यांची पद्धत होती. विरहाने व्याकूळ झालेल्यांना आठवावयास लावणे, हे एका अर्थी औषधच होते. महदाइसांनी आपल्याजवळचे सांगितले. आपण विचारलेले प्रश्न, मिळालेली उत्तरे, स्वामी कोठे बसले होते, कोण जवळ होते. असन्निधानी स्मरण हा जो आपला धर्म, तो अशा रीतीने प्रथम आचरला गेला.

पुढे श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली. परिवाराने विवाहोत्सव मांडला आणि महदाइसांना धवळे गावयास सांगितले. हा प्रसंग शके 1208-09च्या सुमाराचा. विवाहप्रसंगी वरपर गावयाचे गीत ते धवळा. ते गावयाचे कोणी, तर जिला लोकाचाराने लग्नमांडवात पाय ठेवू दिला नसता अशा बालविधवेने! श्रीप्रभूंच्या मांडवात तो लोकाचार गळून पडला. आणि तिने विषय घेतला तो श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाचा.

हा विषय का सुचला असावा, याचा विचार मी पुष्कळदा करतो. रुक्मिणीचे कुंडिनपूर ऋद्धिपुराच्याच प्रदेशात, आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे, हे एक कारण खरेच. परंतु कथा पाहावी. रुक्मिणीने ज्याला मनाने वरले तो द्वारावतीस, दूर. भाऊ विरोधात, शिशुपालाची वरात दारी आलेली. पत्र घेऊन ब्राह्मण गेला तो परतत नाही. माझ्यात काही उणे दिसले म्हणून तर श्रीकृष्ण आले नाहीत, ही शंका तिच्या मनात येते. प्रत्यक्ष रुक्मिणीदेवींच्या मनात ती आली. भागवताच्या दशम स्कंधात ती आहे, आणि कोणीही त्यावरून त्यांची निष्ठा उणी ठरविली नाही. महदाइसांनी ही वाट पाहणे ज्या आवाजात गायिले तो आवाज कल्पनेचा नव्हता. बारा-तेरा वर्षे उत्तरापंथाकडे डोळे लावून बसलेल्या बाईचा तो आवाज होता. तो श्रीप्रभूंच्या समोर उमटला. ज्या प्रश्नाला जागा उरली नव्हती, त्याला गीतात जागा मिळाली. संस्कृत काव्यशास्त्राच्या मापाने धवळ्यांत अलंकार थोडे आहेत, अशी टीका काही विद्वान करतात. करोत बापडे. चुलीजवळच्या भाषेत जे बोलावयाचे ते त्या बोलल्या.

धवळ्यांचा उत्तरार्ध पुढे रचला गेला. मातृकी रुक्मिणी स्वयंवर आणि गर्भकांड ओव्या या रचनाही त्यांच्या नावे आहेत. तेराव्या शतकाचे नववे दशक सरत असता श्रीप्रभूंनीही देह ठेवला, आणि परिवार दुसऱ्यांदा पोरका झाला. या वेळी जावयास दुसरे सन्निधान नव्हते. अटन, विजन, भिक्षा आणि नामस्मरण, एवढेच हाती होते. भटोबासांनी मार्गाची धुरा घेतली व ती त्यांच्या देहावसानापर्यंत, शके 1224 म्हणजे इ.स. 1302 पर्यंत, वाहिली. राजकीय परिस्थिती बिघडत चालली होती. इ.स. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, आणि ज्या दरबाराने स्वामींना छळले तो दरबारच डळमळला. स्मृतिस्थळ वाचताना मला एका गोष्टीचे नवल वाटते : शत्रूच्या या पतनाचा आनंद आपल्या पूर्वजांनी मानलेला दिसत नाही. त्यांची चिंता वेगळीच होती, स्वामींनी सांगितलेले विसरले तर जाणार नाही ना, ही.

त्या चिंतेतूनच भटोबासांचा एक प्रसिद्ध निर्णय झाला. केसोबासांसारखे पंडित संस्कृतात विचारू लागले, तेव्हा भटोबासांनी त्यांना अडविले. स्वामींनी मराठीतच निरूपण केले आहे, तेच विचारावे. संस्कृताचा पडदा पडला तर आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असा त्यांचा आशय होता. भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सभांतून सांगितला जातो. आता ऋद्धिपुरास मराठी भाषेचे विद्यापीठही स्थापन झाले आहे, त्यामुळे अधिकच सांगितला जाईल. परंतु भटोबासांच्या डोळ्यांपुढे भाषा नव्हती, म्हाताऱ्या होत्या. ज्यांनी संसारात सर्व गमावले, सन्निधानही गमावले, आणि तरी ज्यांना अजून काही विचारावयाचे होते, अशा. भटोबास त्यांना नावानिशी ओळखत होते. त्यांतली एक त्यांची चुलत बहीण होती, गोदेकाठच्या गावातून आलेली, आणि ती मराठीत विचारीत असे.