मारियन अँडरसनबाई

वर्धापनदिनाच्या अंकात एखाद्या गायिकेविषयी लिहावे असे मनात आले, तेव्हा मला अमेरिकेच्या मारियन अँडरसनबाई आठवल्या. त्यांच्या चरित्रात आपल्यासारखीच एक महिलासंस्था आहे.

त्यांचा जन्म १८९७ साली फिलाडेल्फिया येथे, गरीब कृष्णवर्णीय घरात झाला. वडील लवकर वारले. आईने लोकांचे कपडे धुऊन, झाडलोट करून तिन्ही मुलींना वाढवले. मारियनचा खर्जातला आवाज ऐकून चर्चमधील मंडळींनी वर्गणी काढून तिला गाणे शिकवले. एका संगीतशाळेने मात्र वर्णामुळे प्रवेश नाकारला. कमाई होऊ लागताच या मुलीने आईचे कष्टाचे काम बंद करविले, हे मला फार भावते.

पुढे युरोपात कीर्ती झाली. तरीही १९३९ साली वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या महिलासंस्थेने आपले सभागृह त्यांना दिले नाही. तेथे गोऱ्या कलावंतांनाच मुभा होती. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. ९ एप्रिलला अँडरसनबाई लिंकन-स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, सुमारे ७५,००० श्रोत्यांपुढे गायल्या. १९४३ साली युद्धकाळच्या मदतनिधीसाठी त्याच सभागृहात त्या गायल्या. मनात अढी धरली नाही. १९५७ साली त्या भारतातही येऊन गेल्या. १९९३ साली त्यांचे निधन झाले.

दार लावणाऱ्या स्त्रियाच होत्या, राजीनामा देणारीही स्त्रीच. उद्या आपल्या मंडळाच्या दाराशी कोणी आली, तर आपण यांपैकी कोण व्हायचे, हे भगिनींनो, आजच ठरवून ठेवू या.