पीटर एलिस : एक उपेक्षित वास्तुशिल्पी

इंग्लंडच्या वास्तुकलेच्या इतिहासात लंडनच्या शिल्पज्ञांची नावे ठळक अक्षरांत आढळतात. लिव्हरपूलच्या पीटर एलिसचे नाव मात्र त्यात फार उशिरा लिहिले गेले.

एलिसचा जन्म १८०५ सालचा. लिव्हरपूल हे तेव्हा कापसाच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईचा कापूसही तेथे उतरत असे. परंतु धुराने काळवंडलेल्या त्या शहरातील जाड भिंतींच्या कचेऱ्यांत उजेड तो कितीसा येणार?

एलिसने १८६४ साली वॉटर स्ट्रीटवर ‘ओरिएल चेंबर्स’ ही पाच मजली इमारत उभारली. तिचा भार त्याने बिडाच्या खांबांवर व तुळयांवर टाकला. त्यामुळे जाड भिंतींची गरज उरली नाही आणि दर्शनी बाजूस काचेच्या पुढे झुकलेल्या खिडक्यांच्या रांगा बसविता आल्या. १८६६ साली कुक स्ट्रीटवर त्याने अशीच दुसरी इमारत बांधली. तिचा काच व लोखंडाचा चक्राकार जिना आजही प्रेक्षणीय आहे.

समकालीनांनी मात्र या प्रयोगाची थट्टाच केली. ‘बिल्डर’ या प्रतिष्ठित नियतकालिकानेही ओरिएल चेंबर्सवर कठोर टीका केली. १८८४ साली एलिस निवर्तला, तो कीर्तीवाचूनच.

१९४१ च्या बाँबवर्षावात इमारतीचा काही भाग कोसळला आणि आतला लोखंडी सांगाडा उघडा पडला. तेव्हा जाणत्यांना त्याची दूरदृष्टी उमगली. शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचा शिल्पकार जॉन रूट बालपणी लिव्हरपुलात राहिला होता. त्याने येथूनच स्फूर्ती घेतली असावी, असे काही अभ्यासक मानतात. आज ओरिएल चेंबर्स ही प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

लोकस्तुतीची वाट न पाहता आपले काम चोख करावे, हाच एलिसच्या चरित्राचा बोध होय.